चौथे नाव कोण घेणार?

परवा एका लग्नात बँडवाल्यांनी 'अमर अकबर अँथनी'मधले ते गाजलेले गाणे वाजवले. अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आठवतो ना, तेच. शेजारी माझा एक भाचा होता (इंजिनिअर आहे, हे वाचेलच). त्याला विचारले, "हा अँथनी गोन्साल्विस कोण रे?" तो म्हणाला, "मामा, पिक्चरमधलं नाव आहे ते. खरं थोडंच कुणी असतं!"

खरा माणूस होता बाबा. गोव्यात सासष्टीतल्या माजोर्डा गावचा, जन्म १९२७. वडील तिथल्या चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. हा मुलगा १९४३ च्या सुमारास, मिसरूड फुटायच्या वयात मुंबईला आला आणि नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागला. पुढे तो संयोजक झाला. त्याच्याकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुलांत एक होता प्यारेलाल. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल. त्या सिनेमातल्या नायकाचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते, प्यारेलाल यांनी गुरूच्या नावासाठी ते बदलून घेतले, असे सांगतात. १९७७ साली शिष्याने दिलेली ही गुरुदक्षिणा. आणि आपण ती विनोदी गाणे म्हणून ऐकतो!

माझे भांडण भाच्याशी नाही. त्याला कोणी सांगितलेच नाही. भांडण आहे ते आपल्या सवयीशी. रेडिओ लावा, एखाद्या गाण्यांच्या कार्यक्रमाला जा, निवेदक तीन नावे घेतो. गायक, गीतकार, संगीतकार. संपले. जणू ती पन्नास व्हायोलिने, बासऱ्या, चेलो आपोआप वाजत होते.

संयोजक नक्की काय करतो, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण गैरसमज तिथेच आहे. संगीतकार पेटी घेऊन चाल बांधतो. ती ओळीची चाल असते. गाण्याच्या आधी काय वाजणार, दोन कडव्यांच्या मधे काय, गायिका श्वास घेते तेव्हा मागे कोणते वाद्य हलकेच पुढे येणार, हे सगळे कागदावर उतरवावे लागते. प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकवत, म्हणून मुंबईच्या स्टुडिओंत इतके गोवेकर वादक दिसायचे. मग रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळ्यांसमोर उभे राहून हातवारे करत तो ताफा एका दमात चालवायचा. तेव्हा आजच्यासारखी तुकड्या-तुकड्यांनी रेकॉर्ड करायची सोय नव्हती. एकाची चूक झाली की गायिकेसकट सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला यातले कष्ट वेगळे सांगावे लागत नाहीत.

यावर दोन उत्तरे नेहमी ऐकतो. पहिले, "तो पैसे घेऊन काम करणारा माणूस, कल्पना संगीतकाराचीच." काही संगीतकार मधले तुकडेही स्वतः सुचवत, हे मान्य. पण पैसे तर गायकानेही घेतले, गीतकारानेही घेतले. त्यांची नावे घेताना आपण बिलाची पावती मागतो का?

दुसरे उत्तर जास्त टोचते. "हे वाद्यवृंद म्हणजे साहेबाचे उसने, आपल्या संगीताशी काय संबंध?" या मंडळींनी गोन्साल्विसचे पुढचे आयुष्य पाहावे. १९५८ साली या माणसाने मुंबईत स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. गायला कोण, तर लता मंगेशकर आणि मन्ना डे! त्याने व्हायोलिनसाठी मोठी रचना केली ती सारंग रागात. उसने आणणारा माणूस सारंगाच्या वाटेला कशाला जाईल? आपला राग पन्नास वाद्यांच्या तोंडून कसा वदवायचा, हा त्याचा ध्यास होता. आपल्या शास्त्रीय मैफिलीत रचनेला तेवढी माणसे लागत नाहीत, म्हणून हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही, एवढेच.

१९६५ मध्ये तो अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेला. परत आला तो फिल्मी दुनियेत नव्हे, गावी. माजोर्ड्यातच शांतपणे राहिला आणि १८ जानेवारी २०१२ ला गेला. याच मुंबईत १९३६ साली जन्मलेल्या झुबिन मेहतांचे नाव मात्र आपल्याला पाठ आहे. ते १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले, पुढे न्यूयॉर्कचा ऑर्केस्ट्रा चालवला, त्यांना मान मिळाला, तो योग्यच. पण तोच धंदा दादर-ताडदेवच्या स्टुडिओत करणारा आपल्याला बँडवाला वाटतो, आणि व्हिएन्नात करणारा महान! (बँडवाला ही शिवी का व्हावी, हाही एक प्रश्नच. आमच्या खान्देशात बँड मास्तरावाचून वरात हलत नाही.)

मराठीतही तेच. 'गीतरामायणा'त माडगूळकर आणि बाबूजी, दोन्ही नावे मुलांना येतात. त्यात व्हायोलिन वाजवणारे प्रभाकर जोग २०२१ मध्ये गेले तेव्हा किती घरांत त्यांची आठवण निघाली? 'अष्टविनायक'चे संगीत अनिल-अरुण यांचे. त्यातले अनिल मोहिले लताबाईंच्या मंचावरच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षे वाद्यवृंद चालवत. फोटोत ते दिसतात, पण पाठमोरे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला ठेका दत्ताराम वाडकरांचा आणि संयोजन सेबॅस्टियन डिसूझा यांचे, हे जाणकार सोडले तर कोण सांगतो?

आता आपल्या जळगाव जिल्ह्याचेच बघू. बहिणाबाईंच्या ओव्या त्यांच्या तोंडात होत्या. सोपानदेवांनी त्या कागदावर उतरवल्या, आणि १९५२ साली अत्र्यांमुळे त्या पुस्तकरूपात आल्या. आपण बहिणाबाईंबरोबर सोपानदेवांचेही नाव घेतो, अत्र्यांचेही घेतो. ज्याने लिहून ठेवले त्याचे उपकार मानायची रीत आपल्याकडे आहेच. मग याच ओव्यांची वसंत पवारांनी 'मानिनी'साठी (१९६१) केलेली गाणी लागतात, तेव्हा वाद्यांचे कागद ज्याने लिहिले तो कुठे जातो?

तेव्हा शाळांच्या स्नेहसंमेलनात, गणपतीत, गावोगावच्या ऑर्केस्ट्रात निवेदन करणाऱ्या सर्वांना (आमच्या घरात असे तिघे आहेत) माझे सांगणे आहे, चौथे नाव घ्या. संयोजकाचे. शोधून सापडले नाही, तर "संयोजकाचे नाव नोंदलेले नाही" असे माइकवर म्हणा. लोक हसतील, हसू द्या. मी एक वही घातली आहे. जुन्या रेकॉर्डच्या पाकिटांवर, कॅसेटच्या कव्हरवर कुठे संयोजकाचे नाव छापलेले दिसले, तर गाण्याच्या आणि सालाच्या उल्लेखासह मला कळवा. मराठी गाण्यांची पाने अजून बरीच कोरी आहेत.