विरोळ्याला काठी नको, दोर द्या

मोठा पाऊस होऊन ओढे भरले की उदगीर परिसरात 'नाग निघाला' अशी ओरड होते. काठ्या पडतात आणि मेलेला साप कितीदा तरी विरोळा निघतो. विरोळा म्हणजेच दिवड, पाणदिवड. विहिरी, ओढे, तिरू आणि देवर्जनसारख्या तलावांचे काठ हे त्याचे घर. पूर्ण बिनविषारी.

त्याचा घात त्याची सवयच करते. कोंडीत सापडला की मान चपटी करून डोके उचलतो, फुत्कारतो. घाबरलेल्या माणसाला तो फणाच वाटतो. नीट पाहिले तर डोळ्यापासून तिरप्या खाली उतरणाऱ्या दोन काळ्या रेघा दिसतात आणि पिवळसर अंगावर काळे चौकोन. स्वभाव तापट. धरायला गेलात तर कडकडून चावतो, रक्तही बरेच येते. चावलेला साप विरोळाच होता अशी खात्री नसेल, तर तडक दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आपल्याकडे आहेत.

मासे खातो म्हणून त्याच्यावर राग असतो. पण बेडूक आणि उंदीरही तो खातो. काठच्या झुडपातून बेडकाचा लांबलचक, केविलवाणा आवाज येत असेल, तर बहुधा विरोळ्याने त्याला मागच्या पायांकडून गिळायला घेतलेले असते. मादी बिळात एका वेळी ४०-५० अंडी सहज घालते आणि पिल्ले निघेपर्यंत त्यांच्यापाशी बसून राहते. एवढी राखण करणारे साप थोडेच.

मला खरी काळजी शेततळ्यांची वाटते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच वर्षी 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. शेततळी हवीतच, त्यांनी फळबागा तगवल्या. पण आतला प्लास्टिकचा कागद इतका गुळगुळीत असतो की पाण्यासाठी, बेडकांसाठी उतरलेल्या सापाला वर चढता येत नाही. विरोळा पट्टीचा पोहणारा खरा, पण श्वास फुप्फुसानेच घेतो. थकला की बुडतो.

यावर उपाय स्वस्त आहे. काथ्याचा जाड, गाठी मारलेला दोर काठावरच्या खुंटाला बांधून चारही बाजूंनी पाण्यात सोडायचा. मासेमारीचे जाळे मात्र टाकू नये, त्यात अडकून साप मरतो. कृषी खात्याने शेततळ्याची पाहणी करताना कुंपणाबरोबर हा दोरही पाहावा. दरवर्षी शेततळ्यांत माणसे बुडतात, लहान मुले बुडतात. पाय घसरलेल्यालाही धरायला तोच दोर असेल.