जमिनीखालचे पाणी किती जुने, आणि ते कोणाचे?

उन्हाळा आला की मराठवाड्यात बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरतात. दोनशे फुटांवर पाणी लागले नाही तर तीनशे, मग पाचशे. पैसेवाला खाली खाली जातो, वस्तीवरचा हातपंप मात्र कोरडा पडतो. 'चांगला पाऊस झाला की भरून निघेल,' असे आपल्याला सांगितले जाते. खरेच निघते का?

हे मोजता येते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोदावरी-पूर्णा आणि कुकडी खोऱ्यांत ते मोजले. निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. पावसाळ्याआधी पिकांच्या मुळांखाली ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सारी रूप, अगदी थोडे सोडायचे. पावसाळा संपला की तिथली माती थराथराने काढून ते किती खाली सरकले ते पाहायचे. जेवढे सरकले, तेवढ्या थरातला ओलावा नव्या पाण्याने खाली ढकलला. आपल्या काळ्या पाषाणात जमिनीत मुरून भूजलाला मिळाले ते पावसाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी!

पाण्याचे वयही कळते. १९५०-६० च्या दशकांतील अणुचाचण्यांनी पावसात ट्रिटियम मिसळले. ज्या पाण्यात ते जवळजवळ नाही, ते त्याआधीचे. त्याहून जुन्यासाठी कार्बन-१४, आणि फार जुन्यासाठी क्रिप्टॉन-८१. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटाखालचे पाणी दोन ते दहा लाख वर्षांपूर्वीचे निघाले. सहारात पाऊस पडत होता त्या काळचे! ब्राझीलच्या भूजलात विरघळलेल्या वायूंवरून कळले की हिमयुगात तिथले तापमान सुमारे ५ अंशांनी कमी होते. असे पाणी एकदा उपसले की आपल्या हयातीत परत येत नाही.

आता कायदा पाहू. १८८२ च्या ईझमेंट कायद्यापासून ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी, हीच रीत चालत आली. मग भूमिहीनांचे काय? १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी निदान डोळ्यांना दिसत होते; हे तर दिसतही नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमात शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई आहे. म्हणजे साधारण दोनशे फूट. गाडीवाला पाचशेला हात घालतो तेव्हा त्याला कोण विचारते?

आपण विचारू शकतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नोंदवते. आपल्या गावाच्या नोंदी मागाव्यात, त्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, आणि गावात ६० मीटरखाली किती बोअर गेले याची यादी त्याच सभेत मागावी.