गावाहून येईपर्यंत टिकेल ते झाड

हिरवा कोपरा / मृद्‌गंधा

आखाजी आणि लग्नसराई आटोपून आमच्या गल्लीतली माणसं आता परतू लागली आहेत. सुरतेच्या उधना स्टेशनवर उतरायचं, कैऱ्या, पापड, कळण्याच्या पिठाच्या पिशव्या सावरत घर गाठायचं आणि कुलूप उघडायचं. ग्रीलला टांगलेली कुंडी तोवर वाळून गेलेली असते. मागच्या आठवड्यात शेजारच्या आजींनी तशीच एक कुंडी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, झाडेसले पानी देवाले टाइम कोनले शे?"

आजींचं बरोबर आहे. मुलगा लूमवर बारा तासांच्या पाळीत उभा असतो. सून घर सांभाळून साड्यांना लेस आणि टिकल्या लावते. नळाला ठरावीक वेळी पाणी येतं, तेव्हा भांडी भरायची की कुंड्यांना घालायचं? अशा घराला दिवसातून दोनदा पाणी मागणारं झाड देणं हा त्या घरावरही अन्याय आहे आणि झाडावरही. मरतात ती चुकीची निवडलेली झाडं. ती निवडणाऱ्या बाईने मात्र "माझ्या हाताला झाड लागत नाही" असं म्हणत आयुष्यभर कुंडीचा नाद सोडू नये, म्हणून आजचा लेख.

नर्सरीत आपण फूल पाहून रोप उचलतो. त्याआधी घराला तीन प्रश्न विचारावेत: गॅलरीत ऊन किती तास येतं, पाणी नळाचं की बोअरचं, आणि आपण गावी किती दिवस जातो? या तिन्ही उत्तरांत बसेल तेच झाड आपलं.

आधी मातीबद्दल बोलू, कारण आपली पहिली चूक तिथेच होते. आपण काळ्या कसदार जमिनीतली माणसं. कापूस आणि केळी पाहत वाढलो, त्यामुळे काळी माती म्हणजे सोनं हे मनात पक्कं बसलेलं. मीही पहिल्या वर्षी गावाहून पिशवीभर माती आणून टांगती टोपली भरली होती. पाणी घातलं की ती चिखल होऊन बसायची आणि दोन दिवसांत सुकून कडेपासून सुटायची. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली गळायचं. महिन्याभरात रोप गेलं. उपटून पाहिलं तर वरची मुळं कोरडी आणि मधली कुजलेली. शेतात काळ्या मातीला खोली असते, मुळांना पसरायला जागा असते. वीतभर टोपलीत तीच माती मुळांचा श्वास कोंडते. म्हणून एक वाटा माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, त्यात थोडी जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड असं मिश्रण करा. ते हलकं असतं, ओल धरतं आणि जास्तीचं पाणी सोडून देतं.

आता झाडं. गॅलरीत पाच-सहा तास कडक ऊन येत असेल तर ऑफिस टाइम लावा. चिनी गुलाब म्हणतात तेच हे. हे रोप मूळचं दक्षिण अमेरिकेतलं आणि आपल्या घोळाच्या भाजीचं सख्खं नातलग. घोळासारखंच जाड पानाखोडात पाणी साठवतं, म्हणून दोन दिवस विसरलात तरी रागावत नाही. सकाळी नऊ-दहाला फुलतं आणि दुपारनंतर मिटतं. चार बोटं लांबीची कांडी तोडा, खालची पानं काढा, ओल्या मिश्रणात खोचा. दहा-पंधरा दिवसांत ती मूळ धरते. टोपलीच्या कडेने सात-आठ कांड्या लावल्या तर पावसाळा संपेपर्यंत टोपली भरून खाली लोंबते.

उन्हाचीच दुसरी सोबतीण सदाफुली. आपल्या गुजराती शेजारणी तिला बारमासी म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच गुण ओळखला. मादागास्करहून आलेल्या या झाडापासून कर्करोगावरची दोन मोठी औषधं, व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन, मिळाली. तेवढ्यावरून कोणी साखरेसाठी रोज तिची पानं चघळत असेल तर कृपा करून थांबवा. झाड विषारी आहे. औषध डॉक्टरांकडून घ्यावं आणि सदाफुली डोळ्यांनी पाहावी.

समोरच्या इमारतीमुळे ऊनच येत नसेल, नुसता उजेड असेल, तर मनी प्लांट आणि स्पायडर प्लांट. स्पायडर प्लांटच्या लांब दांड्यांना टोकाशी पिल्लं लोंबतात, त्यामुळे टांगायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पावसाळ्यात रानातून येणारी कुलूची भाजी आणि सफेद मुसळी याच्याच गोतावळ्यातली. मनी प्लांटची पानं चावली तर तोंडाची आग होते, म्हणून रांगतं मूल असेल त्या घरात तो उंचावरच हवा.

आणि ज्यांना फुलापेक्षा चुलीला उपयोगी पडणारं हवं, त्यांना पानओवा, पुदिना, गवती चहा. सुरतेत राहून सकाळच्या चहात फुदीनो आणि लीली चा पडत नाही असं घर विरळा. पानओवा टांगत्या टोपलीत उत्तम वाढतो आणि त्याची भजी होतात. ग्रीलवर वेल चढवायचा तर मायाळू लावा. इथे तिला पोई म्हणतात आणि तिचीही भजी होतात. पुदिना तेवढा तहानलेला असतो, तो पाण्याच्या पिंपाजवळ ठेवा. गवती चहाची मुळं मोठी, त्याला तेलाचा रिकामा डबा द्या, बुडाला चार भोकं पाडून.

दुसरा प्रश्न पाण्याचा. बोअरचं पाणी खारं असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो आणि स्पायडर प्लांटची टोकं करपतात. आर.ओ. मशीनचं वाया जाणारं पाणीही तसंच, त्यात क्षार एकवटलेले असतात. त्याने फरशी पुसा, कुंडीत घालू नका. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. आता पाऊस येतोय. सुरतेचा पाऊस आपल्या गावाकडच्या धुळ्याच्या दुपटीच्या आसपास. बादली गॅलरीबाहेर ठेवा आणि ते पाणी कुंड्यांना द्या. पानांवर गिरण्यांची काजळी बसते, तीही आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा.

याच पावसात एक जबाबदारीही येते. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. कुंडीखालची थाळी आणि बाटलीतल्या मनी प्लांटचं पाणी दर आठवड्याला ओता. महापालिकेचे कर्मचारी तपासायला येतील म्हणून नको, शेजारच्या लेकरासाठी करा. 1994 च्या प्लेगचे दिवस पाहिलेल्या या शहराला हे वेगळं सांगायला नको.

टोपली टांगताना ओल्या वजनाचा विचार करा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सुकी टोपली हातात हलकी लागते, पाणी घातल्यावर ती किती जड होते ते आधी उचलून पाहा. हूक ग्रीलच्या आतल्या बाजूला लावा. आपल्या गल्ल्या अरुंद, खाली मुलं खेळतात.

राहिला तिसरा प्रश्न, गावी जाण्याचा. दिवाळीत लूम बंद होतात आणि आठ-पंधरा दिवस घराला कुलूप लागतं. निघण्याआधी सगळ्या टोपल्या उतरवून सावलीत एकत्र ठेवा. मध्ये पाण्याची झाकणवाली बादली उंचावर ठेवा. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंद पट्ट्या भिजवून त्यांचं एक टोक बादलीच्या तळाशी सोडा आणि दुसरं कुंडीत दोन इंच खोल पुरा. झाकणाच्या फटी कापडाने बुजवा. सूत पाणी ओढून घेतं आणि कुंडीला हळूहळू पाजतं. मी दोन दिवाळ्या असं केलं. पुदिना वाकला होता, बाकी सगळी उभी होती.

तेव्हा लगेच काही विकत घेऊ नका. या रविवारी सकाळी नऊला, बाराला आणि तीनला गॅलरीत उभं राहून ऊन कुठवर येतं ते पाहा. मग शेजारणीकडून एकच कांडी मागून आणा. ती जगली की पुढच्या वर्षी तिची एक कांडी दुसऱ्या घराला द्या. आजींना मी परवा ऑफिस टाइमच्या सहा कांड्या दिल्या. तुमच्याही गल्लीत एखादी कोरडी कुंडी असेल, त्या घरी जा.