रंग देण्यापूर्वी

इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने नुकतीच १९७६ सालची 'एम.जी.बी.' ही उघड्या टपाची स्पोर्ट्‌स मोटार विकत घेतली. छायाचित्र पाठवून त्याने विचारले, "सर, मूळ रंग फिका पडला आहे. भडक तांबडा द्यावा आणि काळे रबरी बंपर काढून जुन्या धाटणीचे चकचकीत बंपर बसवावेत, असे मनात आहे. आपले मत काय?" स्कूटरपलीकडे वाहन न बाळगलेल्या अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा प्रश्न विचारावा, याचे प्रथम हसू आले. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, प्रश्न मोटारीचा असला तरी अर्थशास्त्राच्या हद्दीबाहेरचा नाही.

ही मोटार राजेरजवाड्यांची नव्हे. १९६२ पासून १९८० पर्यंत अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. तेथील सुरक्षा-नियम बदलले तेव्हा, १९७४ मध्ये, पोलादी बंपर जाऊन जाड रबरी बंपर आले. गाडीची उंचीही सुमारे इंचभर वाढविण्यात आली. परिणामी ती वळणावर डोलू लागली आणि रसिकांनी नाके मुरडली. तेव्हापासून अनेक मालक हे बंपर उतरवीत आले आहेत. माझ्या विद्यार्थ्याची इच्छा जगावेगळी नाही.

येथे कोणी म्हणेल, मालकाचा पैसा, मालकाची हौस. तिऱ्हाइताने त्यात लुडबूड का करावी? आक्षेप रास्त आहे. पाच लाखांतील एका गाडीला देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही. तथापि मालकाचा हक्क मान्य केल्यानंतरही, त्याने तो कसा वापरावा हा प्रश्न उरतोच.

केनेथ अ‍ॅरो आणि अँथनी फिशर या अर्थशास्त्रज्ञांनी १९७४ मध्येच एक निबंध प्रसिद्ध केला. विषय निसर्गरक्षणाचा होता. पण त्यातील तत्त्व व्यापक आहे. जो निर्णय फिरविता येत नाही आणि ज्याची फळे आज नीट दिसत नाहीत, तो लांबणीवर टाकण्यालाच स्वतंत्र मूल्य असते. वाट खुली ठेवणे हाही एक लाभ होय. ती बंद करणे हा खर्च होय. रंगाऱ्याच्या बिलात हा खर्च लिहिलेला नसतो, एवढेच.

ही कसोटी लावली म्हणजे गोंधळ पुष्कळ कमी होतो. या गाडीला स्वतंत्र चॅसी नाही. दरवाजाखालच्या पत्र्याच्या पेट्याच तिचा भार तोलतात. तेथे गंज चढला असेल तर तो काढलाच पाहिजे. गंज म्हणजे वारसा नव्हे. चाके बदलणे वा इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविणे यालाही हरकत नाही. मूळ भाग खोक्यात जपून ठेवले की झाले. मात्र कारखान्याने दिलेला रंग एकदा खरवडला की तो परत येत नाही. बंपर बदलायचे तर पत्रा कापावा आणि जोडावा लागतो. शिवाय त्या कुरूप रबरात, परक्या बाजारपेठेवर विसंबलेल्या ब्रिटिश उद्योगाच्या उतरत्या काळाची साक्ष आहे.

कायद्यानेही काहीशी अशीच रेषा आखली आहे. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे; पण गेल्या तीस वर्षांत सांगाडा, अ‍ॅक्सल वा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असेल तर ती मिळत नाही. आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, ती ते मूळ स्वरूपात राखलेले असेल तरच.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असे नाही. आमच्या गावच्या घराला नक्षीचा सागवानी दरवाजा होता. वडिलांनी एका दिवाळीत त्यावर हिरवा तैलरंग चढविला. पुढे मूळ लाकूड मोकळे करण्याच्या उत्साहात मी तो पत्रीने खरवडला. रंग गेला, आणि त्याबरोबर नक्षीच्या कडाही गेल्या. वडिलांनी झाकले होते. नष्ट केले ते मी. जाणकार सुताराला विचारण्यासाठी चार महिने थांबलो असतो तर तो दरवाजा आज शाबूत असता.

म्हणून विद्यार्थ्याला लिहिले: गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियममधून कारखान्याच्या नोंदींचा दाखला मागव, गाडी कोणत्या रंगात बाहेर पडली ते त्यातून कळेल. गंज काढून घे. वर्षभर, पावसात आणि उन्हात, आहे त्याच रूपात चालव. त्यानंतरही तांबडा रंगच हवासा वाटला तर खुशाल दे. गाडी तुझी आहे. पत्रा मात्र कापू नकोस. वर्षभर थांबण्याचा खर्च अल्प आहे. न थांबण्याचा खर्च किती, हे कापल्यानंतरच कळते, आणि तेव्हा हिशेब मांडून उपयोग नसतो.