भिंतीतील ओल आणि आकड्यांचा भरवसा

पावसाळा सरत आला की गृहनिर्माण संस्थांच्या सभांत ओल्या भिंतींचा विषय हटकून निघतो. गिलाव्याचे पोपडे सुटलेले असतात, कोपऱ्यांत बुरशी धरलेली असते. मग तज्ज्ञ बोलाविला जातो. तो भिंतीला एक लहानसे यंत्र टेकवितो, यंत्र आकडा दाखविते आणि त्या आकड्याच्या आधारे दुरुस्तीच्या मोठ्या खर्चाचा ठराव संमत होतो. आकडा समोर आला की वाद मिटला, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः ओलीच्या बाबतीत चौकशीला आरंभ आकड्यापासूनच व्हावयास हवा.

हे यंत्र दोन टोकांमध्ये विजेला होणारा विरोध मोजून ओलीचा अंदाज बांधते. त्यावरील प्रमाण बहुधा लाकडासाठी बेतलेले असते. विटेत वा गिलाव्यात क्षार साचले असतील, तर वीज अधिक सुलभतेने वाहते आणि भिंत आहे त्याहून अधिक ओली भासते. ओल कोठून कोठपर्यंत पसरली आहे हे शोधण्यास यंत्र उपयोगी आहे. पाणी नेमके किती, हे ठरविण्यास भिंतीचा नमुना काढून, तो भट्टीत वाळवून, आधीचे व नंतरचे वजन ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

बांधकामापूर्वीच्या चाचणीची कथाही फारशी निराळी नाही. भारतीय मानकानुसार वीट १०५ ते ११५ अंश सेल्सियस तापमानात वाळवून २४ तास पाण्यात बुडवितात आणि वाढलेले वजन मोजतात. १२.५ वर्गापर्यंतच्या विटांसाठी ही वाढ २० टक्क्यांहून, तर वरच्या वर्गांसाठी १५ टक्क्यांहून अधिक असू नये, असा दंडक आहे. चाचणी सोपी आहे व तिचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु वीट किती पाणी पिते एवढेच ती सांगते. किती वेगाने पिते आणि प्यालेले पाणी किती काळाने सोडते, हे सांगत नाही. सारखीच टक्केवारी असलेल्या दोन विटांपैकी एक पहिल्याच सरीत भिजू शकते, तर दुसरी सावकाश भिजून महिनोन्‌महिने ओल धरून ठेवू शकते. छिद्रे एकूण किती, याइतकेच ती केवढी व एकमेकांशी कशी जोडलेली, यालाही महत्त्व आहे.

यासाठी अधिक सूक्ष्म चाचण्या आहेत. त्यांपैकी एकीत नमुना पेल्याच्या तोंडावर झाकणासारखा बसवून कडा मेणाने बंद करतात. पेल्यात क्षाराच्या संपृक्त द्रावणाने हवेची आर्द्रता स्थिर राखतात आणि नमुन्यातून किती बाष्प आरपार गेले, हे पेल्याच्या वजनावरून काढतात. पद्धत साधी दिसते. पण कडेतून किंचित गळती झाली, नमुन्याखालचा हवेचा थर हिशेबात धरला नाही किंवा खोलीची आर्द्रता ढळली, की उत्तर बदलते.

युरोपीय समुदायाच्या पुढाकाराने २००० ते २००२ या काळात झालेल्या प्रकल्पात सहा स्वतंत्र प्रयोगशाळांनी एकाच प्रकारचे बांधकाम साहित्य तपासले. बाष्पवहनाच्या आकड्यांत त्यांच्यामध्ये मोठी तफावत आढळली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने कारणावर बोट ठेवले: एकाच प्रयोगशाळेत, एकाच माणसाने पुनःपुन्हा केलेली मोजणी बरीचशी जुळते; मेळ तुटतो तो दोन प्रयोगशाळांमध्ये. म्हणजे दोष मुख्यतः उपकरणाचा नव्हे, रीतीतील फरकाचा आहे. आणि एकाच ठिकाणचे सातत्य पाहून आकडा खरा मानणे, ही स्वतःची फसवणूक आहे.

एवढा काटेकोरपणा आपल्याला परवडेल काय, असे कोणी विचारील. तराजू, भट्टी, मेण, क्षार आणि स्थिर तापमानाची खोली यांपैकी काहीही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही. परवडत नाही ते चुकीच्या आकड्यावर केलेले काम. आतून ओल्या भिंतीवर बाष्प न सोडणारा लेप चढविला, तर पाणी आतच कोंडते आणि पुढील वर्षी पोपडे पुन्हा सुटतात. खर्च मात्र रहिवाशांचा, आणि सरकारी शाळा वा दवाखाना असेल तर करदात्यांचा होतो.

म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याने पुढाकार घ्यावा. एकाच घाण्यातील विटा, हलके काँक्रीट ठोकळे आणि कोकणातील जांभा यांचे नमुने राज्यातील प्रयोगशाळांकडे पाठवावेत व निकाल शेजारी शेजारी मांडून प्रसिद्ध करावेत. प्रयोगशाळांसाठीच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मानकात मापनाच्या अनिश्चिततेचे मूल्यमापन अपेक्षित आहेच; ते ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या अहवालातही छापले जावे. बारा टक्के म्हणजे अकरा ते तेरा की आठ ते सोळा, हे जाणून घेण्याचा हक्क पैसे मोजणाऱ्याला आहे. तोवर सभासदांनी निदान एवढे करावे: ठरावाला हात वर करण्यापूर्वी, हा आकडा कसा काढला आणि दुसऱ्या कोणी तो पडताळून पाहिला काय, एवढे दोन प्रश्न विचारावेत.