डेटाबेस दोन, विद्यार्थी एकच

मित्रांनो, महाडीबीटीचा फॉर्म भरलाय ना? मार्कशीट बोर्डाकडे, जन्मतारीख आधारकडे, खातं बँकेकडे. अर्ज मात्र एकच. नावातलं एखादं अक्षर जुळलं नाही, तर अडकते आपलीच स्कॉलरशिप!

फायनल इयरला जँगोत प्रोजेक्ट करताय? मग हे लक्षात ठेवा. सेटिंगमध्ये दोन डेटाबेस जोडणं सोपंय. कोणतं मॉडेल कुठल्या डेटाबेसमध्ये, ते राउटर ठरवतो. पण एका डेटाबेसमधून दुसऱ्यात फॉरेन की चालत नाही. जुना जालना आणि नवा जालना यांच्यामध्ये कुंडलिका आहे ना, तसंच. पूल आपणच बांधायचा. म्हणून नुसता ‘एरर’ दाखवून हात झटकू नका. नेमकं काय जुळलं नाही आणि ते कुठे दुरुस्त होईल, हे स्क्रीनवर सांगा. पलीकडे फी भरायला थांबलेलं कुणीतरी असतं.