गीझरच्या पोटातला चुना

शॉवरची धार बारीक झाली, गीझर तापताना आतून तडतड ऐकू येऊ लागली, बादलीच्या तळाशी पांढरे कण दिसू लागले, की समजायचं, इन्स्टंट गीझरमध्ये क्षार साचले आहेत. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या रायपूरच्या घरांना हे नवीन नाही. आपलं शहरच चुनखडकावर वसलं आहे. ज्या दगडामुळे बलौदाबाजारकडे सिमेंटचे कारखाने उभे राहिले, तोच दगड विरघळवत पाणी आपल्या बोअरमध्ये येतं. हे पाणी तापलं की त्यातला चुना वेगळा होऊन हीटिंग एलिमेंटवर बसतो. ज्यांच्या नळाला खारून नदीचं पाणी येतं, त्यांना हा त्रास कमी.

'पण आम्ही तर हेच पाणी पितो!' असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत जडपणा योग्य मानतात आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याजोगं पाणीही गीझरसाठी जड असू शकतं.

प्रश्न फक्त गरम पाण्याचा नाही

क्षाराच्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही. एलिमेंट स्वतःच जास्त तापतो आणि लवकर जळतो. त्याहून गंभीर म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने जाम होऊ शकतो. थर्मोस्टॅट बिघडून पाणी उकळू लागलं, तर वाढलेला दाब बाहेर सोडणारी हीच वाट असते. ती बंद असेल तर टाकी फुटू शकते. म्हणून व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याचं तोंड कधीही बंद करू नका. सतत गळत असेल तर नवा बसवा.

घरी कसं स्वच्छ कराल?

आधी गीझरसोबतचं माहितीपत्रक वाचा. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्याच माणसाला बोलवा. नाहीतर 3 लिटरच्या इलेक्ट्रिक गीझरसाठी हा क्रम ठेवा.

1. एमसीबी बंद करा आणि प्लगही काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

2. पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडून दाब जाऊ द्या. गीझर पूर्ण थंड होऊ द्या.

3. खाली बादली ठेवून दोन्ही पाइप सोडवा आणि पाणी काढून टाका.

4. 3 लिटर कोमट पाण्यात 150 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा. किराणा दुकानात ते 'नींबू फूल' म्हणून मिळतं. हातमोजे घाला.

5. थंड पाण्याच्या तोंडाला पाइप जोडून त्याचं दुसरं टोक गीझरपेक्षा उंच धरा आणि नरसाळ्याने द्रावण ओता. दुसऱ्या तोंडातून द्रावण दिसू लागलं की थांबा.

6. तासभर तसंच ठेवा. चुना विरघळताना वायू तयार होतो, म्हणून दोन्ही तोंडं बंद करू नका.

7. द्रावण काढून स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुवा. पाइपांना नवे वॉशर लावा.

8. गरम नळातून सलग धार येईपर्यंत पाणी भरा आणि मगच वीज सुरू करा. रिकामा गीझर चालू केला तर एलिमेंट लगेच जळेल.

शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हला दांडी असेल तर ती हळूच उचलून पाहा. पाणी बाहेर आलं पाहिजे. आलं नाही तर व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय गीझर वापरू नका.

हे मात्र करू नका

संडास धुण्याचं ॲसिड गीझरमध्ये कधीही ओतू नका. ते टाकीचा धातूही खातं. ब्लीचिंग पावडर आणि कोणतंही ॲसिड एकत्र आलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून त्या दिवशी बाथरूममध्ये ब्लीच वापरूच नका. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल किंवा नळाला झिणझिण्या येत असतील, तर गीझर बंद ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गॅस गीझर असेल तर तो घरी उघडू नका. निळी ज्योत पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरली, तर वापर थांबवून मेकॅनिकला दाखवा. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि बंद बाथरूममध्ये तो माणसाला काही मिनिटांत बेशुद्ध करू शकतो. असा गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

बोअरवेलचं पाणी असेल तर वर्षातून एकदा तरी ही सफाई करा. दिवाळीच्या साफसफाईच्या यादीत माळ्यानंतर गीझरचं नाव लिहा, म्हणजे थंडी सुरू होण्याआधीच काम उरकेल. धुतल्याची तारीख गीझरवर चिकटवून ठेवा. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील, तर व्हॉल्व्हची तपासणी दर तीन महिन्यांनी करा. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.